दोन चमचे दही

बेंगळुरू
९ जुलै २०२४

काकाजी,

फोन तुम्ही उचलत नाही. तीनदा केला. चौथ्यांदा रितावहिनीने उचलला आणि तुम्ही दुकानात आहात म्हणाली. मागे तुमचा खोकला ऐकू येत होता. म्हणून पत्र.

गुंजनचे टॉन्सिल पोळ्यानंतर काढायचे ठरले आहे असं कळलं. भंडाऱ्याला, त्याच दवाखान्यात. तिथे आता तुमच्या मित्राचा मुलगा बसतो, एवढाच फरक. गुंजनच्या बापाला, म्हणजे विरूदादाला, मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, बाबांना विचार. चाळिशीला आलेला माणूस.

माझे बाबा गेल्यावर त्यांची पेटी मी चार वर्षं उघडली नव्हती. मार्चमध्ये उघडली. त्यात माझ्या भावाचा, गोलूचा, दवाखान्यातला कागद होता, दुमडून बारीक केलेला. बैलबंडीवरून पडून हात मोडला, तो बसवण्यासाठी भूल दिली, हे तुम्हाला माहीत आहे. कागदावर नर्सच्या अक्षरात वेळ टाकून दोन नोंदी आहेत. भूल दिल्यावर थोड्या वेळात: जबडा घट्ट, तोंड उघडत नाही. तासाभराने: ताप एकशे आठ. दुसरी नोंद कोणीतरी नंतर खोडली आहे, पण पेन वेगळं असल्यामुळे खालचा आकडा वाचता येतो.

सहा वर्षांच्या मुलाला तासाभरात एकशे आठ ताप दह्याने चढत नाही.

मी ज्यावर काम करते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता सांगते, कारण गुंजनचा जीव त्यात आहे. स्नायूच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचा साठा असतो, पिशवीत भरून ठेवलेला. पिशवीला दारं असतात. मज्जातंतूकडून हुकूम आला की दारं क्षणभर उघडतात, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आखडतो. मग ते परत आत ओढलं जातं, स्नायू सैल होतो. तुम्ही पेन उचलता तेव्हा हे घडतं, खोकता तेव्हाही. काही घराण्यांत हे दार जन्मतः सदोष असतं. एरवी काही कळत नाही. पण भुलेचे काही वायू आणि स्नायू सैल करण्याचं एक इंजेक्शन अशा माणसाला दिलं की दारं उघडतात आणि मिटत नाहीत. अंगातले सगळे स्नायू एकदम आखडतात, आखडलेले राहतात, भट्टीसारखे तापतात. मग हृदय थांबतं.

दोष आईबापांपैकी एकाकडून येतो. आईवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, दोन्ही त्याच वायूवर, तिला काही झालं नाही. म्हणजे बहुधा बाबांकडून. बाबा तुमचे सख्खे भाऊ. तुमच्यात असेल तर विरूदादात असू शकतो, त्याच्यात असेल तर गुंजनमध्ये.

भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी सांगितलं तर तो दुसरी औषधं वापरतो आणि माणूस चालत घरी येतो. एवढं एक वाक्य सांगायचं आहे. दोनदा घेतलेल्या दही-साखरेवर बावीस वर्षं काकूला घरात आरोपीसारखं उभं करून ठेवलंत. निदान तेरा वर्षांच्या मुलीच्या वेळी तरी डोकं वापरा.

रेणू


करडी
२१ जुलै २०२४

चि. रेणू,

पत्र मिळालं. धानाची रोवणी चालू आहे, बांधावर उभ्याने वाचलं. तुला कळावं म्हणून पुस्तकी मराठीत लिहितो. इथली बोली विसरली असशील.

फोन उचलत नाही याचं कारण, फोनवर तू ऐकत नाहीस. कागदावर निदान माझं बोलणं संपेपर्यंत तुला थांबावं लागतं.

पाकीट घेऊन परसराम पोस्टमन चिखलातून आला आणि विचारतो, पुतणीचं एवढं जाड पत्र, काही आनंदाची बातमी काय जी? मी त्याला काय सांगू? आमच्या घराण्याचं रक्त खराब निघालं म्हणून? गुंजन तेरा वर्षांची आहे. पाच-सात वर्षांनी तिच्यासाठी पाहुणे येतील. हे असलं एकदा मोहाडी तालुक्यात पसरलं तर तू बेंगळुरूहून निस्तरायला येणार आहेस काय?

दाराचं विरूला वाचून दाखवलं. पेशीत पिशवी, पिशवीला दार, दाराला हुकूम. मी विचारलं, चौकीदार कुठे बसतो? तो हसला. तू इतकी वर्षं सरकारी पैशावर हे पाहतेस, डोळ्यांनी कधी पाहिलं आहेस का ते दार? की तेही कोणाच्या खोडलेल्या आकड्यासारखं, खालून वाचायचं?

गोलू कशाने गेला ते सगळ्या गावाला माहीत आहे. उपाशीपोटी आणा असं डॉक्टरने बजावलं होतं. सकाळी निघताना तुझ्या काकूने हातावर दही-साखर ठेवली. घरातून कामाला निघणाऱ्याच्या हातावर ठेवतात, ते खाणं नव्हे असं तिला वाटलं. पोटात अन्न होतं ते उलटून छातीत गेलं, असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला. पोराला कोणी खाऊ घातलं विचारलं, तेव्हा शकुन स्वतः म्हणाली, मी. तू तिथेच तिच्या मागे उभी होतीस. यात विज्ञान कुठे आलं?

तिला घरात उभं करून ठेवलं म्हणतेस. कोणी मारलं नाही, टाकलं नाही. लोक तिच्या हातून लेकराचं उष्टावण करून घेत नाहीत, ते लोकांचं पाहणं. गुंजनचंसुद्धा रिताच्या आईने केलं, खीरही त्यांच्याकडूनच आली. शकुनने कधी तक्रार केली नाही. तुझी आई तर त्या दिवसापासून या घरचं पाणी प्यायली नाही. आधी तिला शिकव, मग मला.

आणि एक. दोष आईबापांकडून येतो म्हणतेस. गोलूला आला तर तू त्याचीच बहीण. तुझं रक्त तपासलंस काय?

केशवराव


बेंगळुरू
३० जुलै २०२४

काकाजी,

चौकीदार तुमच्या दुकानात बसतो. चार किलोच्या पिशवीत.

खोडकिड्यासाठी तुम्ही धानात टाकायला जे दाणेदार औषध विकता, ते काय करतं हे तुम्ही शेतकऱ्यांना चौदा वर्षं सांगत आहात. किडा उपाशी मरतो, असं सांगता. विरूदादाच्या लग्नात तुमच्या तोंडून ऐकलं होतं, मांडवातही तुम्ही दुकानच चालवत होतात. किडा उपाशी मरतो हे खरं आहे. का मरतो ते पिशवीच्या मागे बारीक अक्षरात असतं. तुम्ही वाचलं नसेल. ते औषध अळीच्या स्नायूंतल्या याच दारांवर बसतं आणि त्यांना मिटू देत नाही. अळी आखडते. जबडा चालत नाही, म्हणून खात नाही, म्हणून मरते. माणसाचं दार थोडं वेगळ्या घडणीचं आहे, त्यावर ते औषध तसं बसत नाही. म्हणून तुम्ही ते हाताळता आणि जिवंत आहात. पण घराणं तेच. माणसाच्या मेंदूत, मज्जातंतूंत, हृदयातही याच घराण्याची दारं आहेत.

मी ते दार पाहिलं आहे. डोळ्यांनी नाही. हवा तुम्ही डोळ्यांनी पाहता का?

पाहुण्यांची काळजी तुम्ही गुंजन जिवंत राहिल्यावर करा.

एक प्रश्न विचारते. त्याचं उत्तर फक्त तुम्ही देऊ शकता. भंडाऱ्याहून करडीपर्यंत जीपमध्ये गोलू तुमच्या मांडीवर होता. बाबा पुढे बसले होते, त्यांनी वळून पाहिलं नाही. त्याचं अंग कसं होतं?

रेणू


बेंगळुरू
२२ ऑगस्ट २०२४

काकाजी,

तीन आठवडे झाले. रोवणी संपली असेल. उत्तर द्यायला तुम्हाला कोणती अडचण आहे ते मी समजू शकते.

रितावहिनी म्हणाली, शाळेत धावण्याच्या शर्यतीनंतर गुंजनच्या पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठत नाही. शाळेचे सर तिला आळशी म्हणतात. तुम्हीही म्हणता. हे कदाचित काहीच नसेल. कदाचित तेच असेल.

सोबत एक बंद पाकीट आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरसाठी, इंग्रजीत. ते द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. ठरवण्याची तुम्हाला सवय आहे. गोलूला नागपूरला न्यायचं बाबांच्या मनात होतं, भंडाऱ्याला तुमच्या मित्राकडे नेऊ असं तुम्ही ठरवलंत. हे बाबांनी मला मरण्याच्या आदल्या महिन्यात सांगितलं. रागाने नाही. सहज.

रेणू


करडी
१ सप्टेंबर २०२४

चि. रेणू,

उद्या पोळा आहे. घरात सगळे बैलांच्या मागे आहेत, म्हणून वेळ मिळाला.

तुझं पिशवीचं पत्र आलं त्या दिवशी चिडून दुकानातली पिशवी उलटी केली आणि भिंग घेऊन वाचली. बारीक अक्षरात काही लिहिलं होतं, ते इंग्रजीत. विरूला वाचता आलं नाही. बी.कॉम. आहे. म्हणून मी माझ्या पद्धतीने पाहिलं. नव्या औषधावर माझा विश्वास बसत नाही तोवर मी ते दुकानात समोर करून पाहतो, मग विकतो. हे एक औषध मी तसं पाहिलं नव्हतं. कंपनीच्या पोराचं ऐकून विकायला घेतलं होतं.

बांधात धानाचा एक पोंगा, म्हणजे मधला कोंब, वाळला होता. उपटला, चिरला, आतली अळी काढली. दुसऱ्या पोंग्यातून दुसरी. दोन वाट्या घेतल्या. एकीत साधं पाणी, एकीत औषधाचं. दोन्हींत धानाची काडी भिजवून दोघींना खायला दिली आणि गल्ल्यावर ठेवून बसलो. भोजराज युरिया न्यायला आला होता. म्हणाला, काकाजी, किड्याची नाडी पाहून राहिले काय? मी त्याला युरिया नाही म्हणून परत पाठवला. होता.

साध्या पाण्यातली अळी खात राहिली. दुसरीने पाऊण तासात खाणं सोडलं. दुपारपर्यंत ती लांबीला निम्मी झाली. मेली नव्हती. काडीने दाबली तर टणक लागली.

त्यानंतर मी दुकान बंद केलं. दुपारी दोन वाजता. असं मी तुझ्या बापाच्या तेरवीलाच केलं होतं.

तू विचारतेस त्याचं अंग कसं होतं. माझी मांडी भाजत होती. मेलेलं आधी थंड होतं, मग ताठतं. मी जनावरं पुरली आहेत, मला कळतं. तो गरम होता आणि ताठ होता. न मोडलेला हातही छातीवर घेता येईना. चादरीतून कोपर बाहेर राहिलं. मी ते भंडाऱ्यापासून घरापर्यंत दाबून पाहत होतो. वाकलं नाही.

दह्याने असं होत नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. काय झालं ते कळलं नव्हतं. डॉक्टर माझा शाळेतला दोस्त होता, आणि मीच तिथे नेलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर प्रश्न माझ्याकडे वळला असता. शकुन आधीच ‘मी’ म्हणून मोकळी झाली होती. काम झालं होतं. मी गप्प बसलो. तुला एवढंच हवं होतं ना?

तुझं पाकीट मी भंडाऱ्याला दिलं. मित्राच्या मुलाने उघडून वाचलं आणि हसला. म्हणाला, काकाजी, असं लाखात एखादं असतं, इंटरनेटवरचं मनावर घेऊ नका. मी त्याला विचारलं, तुझ्या बापाने ताप का खोडला? तो हसायचा थांबला. गुंजनला आता नागपूरला नेतो आहे. अठरा तारीख मिळाली. तिथली भूल देणारी बाई पाकीट वाचून हसली नाही. तिने गुंजनच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि आमच्या घरात कोण कसं गेलं ते तासभर विचारत बसली. तुझ्यासारखीच उद्धट आहे.

आता माझा प्रश्न.

अळीचं झालं त्या संध्याकाळी मी घरी गेलो. शकुन अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिला म्हटलं, पोरगा तुह्या दह्यानं नाही मेला. बावीस वर्षांत मी या विषयावर तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. तिने सूप थांबवलं नाही. म्हणाली, "माहं दही नव्हतंच ते." मी पुढे विचारलं तर उठून आत गेली.

तेव्हापासून मी तुझं पहिलं पत्र रोज काढून वाचतो. त्यात तू लिहिलं आहेस, दोनदा घेतलेली दही-साखर. शकुनने कधीच दोनदा म्हटलं नाही. डॉक्टरपुढेही नाही, तुझ्या आईने केस धरून ओढलं तेव्हाही नाही. त्या सकाळी तुझी आई आसगावला माहेरी होती. विरू वसतिगृहात. तुझा बाप आणि मी बाहेर जीपला धक्का देत होतो. आत तिघं होते. शकुन, गोलू आणि तू.

रक्त तपासलंस काय, याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. या प्रश्नाचं तरी दे.

केशवराव


बेंगळुरू
९ सप्टेंबर २०२४

काकाजी,

मी दिलं.

काकूने त्याला सांगितलं होतं, आज काही नाही, परत आल्यावर देईन. ती गोठ्यात धार काढायला गेली. तो रडत होता, हात दुखत होता. देवघरासमोर दह्याची वाटी होती. शुभकामाला निघताना देतात हे मला माहीत होतं. मी त्याच्या चांगल्या हातावर एक चमचा ठेवला. त्याने चाटला आणि पुन्हा हात पुढे केला. मी दुसरा ठेवला. काकू दारात आली तेव्हा चमचा माझ्या हातात होता. तिने तो घेतला, धुतला आणि जागेवर ठेवला. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तेव्हा मी तिच्या मागे तिच्या पदराला धरून होते. ती ‘मी’ म्हणाली. मी पदर सोडला.

मी दहा वर्षांची होते. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता त्याला काही चव राहिलेली नाही. अठराव्या वर्षी मी दहा वर्षांची नव्हते. बत्तिसाव्या वर्षी तुम्हाला जुलैचं पत्र लिहिलं तेव्हाही नव्हते. त्या पत्रात मी तुम्हाला तुच्छतेने बोलले. ते मागे घेत नाही. तुम्ही त्याला पात्र होतात. मी वेगळी होते असं मात्र वाटून घेतलं होतं.

बारावीला असताना जीवशास्त्राच्या पुस्तकात या आजाराची चार ओळींची चौकट होती. भुलेनंतर ताठरणं, ताप. तिथून मी इथे आले. लोक विचारतात, हा विषय कसा निवडलास. मी सांगते, आवड होती.

रक्त. सहा वर्षं मी दुसऱ्यांचे नमुने रोज तपासत होते. माझं मात्र तुमचं जुलैचं पत्र आल्यावर काढलं. परवा अहवाल आला. दारात दोष आहे. त्या प्रथिनाच्या पाच हजार दुव्यांपैकी एक दुवा बदललेला. गोलूचा नमुना नाही, म्हणून त्याचं कोणी लेखी देणार नाही. मला लेखी नको आहे.

तुमचं आणि विरूदादाचंही रक्त पाठवा. नागपूरच्या बाई सांगतील कसं ते. गुंजनच्या शस्त्रक्रियेसाठी अहवालाची वाट पाहायची गरज नाही. तिला दोष आहे असं धरूनच त्या भूल देतील.

हे पत्र काकूला वाचून दाखवा. माझी मुलगी ऑक्टोबरात सहा महिन्यांची होते. तिचं उष्टावण काकूच्या हातून करावं असं माझ्या मनात आहे. आम्ही करडीला येऊ. आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते मी माझ्या पद्धतीने सांगेन.

रेणू


करडी
२४ सप्टेंबर २०२४

चि. रेणू,

अठराला झालं. भूल देणाऱ्या बाईने आदल्या दिवशीपासून यंत्र नुसतं चालवून जुना वायू झाडून घेतला होता. शिरेतून औषध दिलं. गुंजन दीड तासात शुद्धीवर आली आणि आइस्क्रीम मागितलं. अंग गार होतं. मी हात वाकवून पाहिला. दोन्ही. ती म्हणाली, आजोबा, घसा कापला, हात नाही.

माझा नमुना दिला. विरू सुई पाहून घामाघूम झाला, पण दिला.

तुझं पत्र मी घरात सगळ्यांसमोर वाचलं. माझं पहिल्या तारखेचं पत्र, त्याची प्रत मी ठेवली होती, तेही वाचलं. आधी माझं, मग तुझं. वाचताना दोन ठिकाणी अडखळलो, दोन्ही माझ्याच पत्रात. रिता रडली. विरू बाहेर गेला. शकुन चवळीच्या शेंगा सोलत होती, सगळ्या सोलून झाल्यावर उठली.

मी तिला म्हटलं, काही बोल. ती म्हणाली, "आता काहून? जेवाले चला."

चार दिवस झाले. माझ्याशी जेवणापुरतं बोलते. पूर्वीही तेवढंच बोलत होती, पण तेव्हा मला तो तिचा अपराध वाटत होता.

आज सकाळी तिने गुंजनला वही घेऊन बोलावलं आणि दार लावून घेतलं. तुला पत्र जाईल. मला दाखवलं नाही.

केशवराव


करडी
२४ सप्टेंबर

रेणूआत्या, मी गुंजन लिहीत आहे. आजी सांगते तसंच लिहायचं, सुधारायचं नाही अशी तिची अट आहे.

रेणू,

तुह्यं पत्र तुह्या काकानं वाचलं. चांगलं लेहतेस. दोघंही चांगलं लेहता. मी चौथी शिकली, म्हणून गुंजनले बसवलं.

तुम्ही दोघं तीन महिने एकमेकाले पत्र लेहून राहिले. माह्यावर लेहून राहिले. मले एक नाही आलं. काकाले विचारलं, अंग कसं होतं. मले विचारलं असतं तं पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. न्हाऊ कोणी घातलं त्याले? मी. बायाच घालतात. तुही माय पडून होती. त्याचं तोंड उघडून तुळशीचं पान ठेवाचं होतं, ते उघडलं नाही. ओठावर ठेवलं. मले तवाच मालूम होतं की हे दह्याचं नोहे. पण चौथी शिकलेल्या बाईले कोण विचारते.

तू म्हणशील, मंग मी म्हणाली काहून. तू माह्या मांगं उभी होती. तुह्या हाताले दह्याचा वास येत होता. दहा वर्षाची पोट्टी, तिच्या माथी भावाचं मरण बसलं असतं तं तिले कोणी पाण्याले विचारलं नसतं. माहं लगन झालं होतं, पोरगा होता. माहं काय जाईन, असं वाटलं. किती जाईन ते मालूम नव्हतं.

मले वाटलं, मोठी होशीन तवा येशीन. तू मोठी झाली. बेंगळुरूले गेली. दह्यानं मरण येत नाही हे मशीनमंधी पक्कं झालं, मंग तू सांगितलं का दही मी देल्लं. आधी सुटका पायली, मंग कबुली देल्ली. तुह्या काकाचंही तसंच. किडा आखडला तवा त्याले पोरगा आठवला. पोरगा आखडला तवा नाही आठवली बायको.

मले त्या दारातलं काई समजत नाही. गुंजननं समजावलं. ते उघडं राहिलं म्हणून लेकरू गेलं म्हणते. बरं. तुमची तोंडं बावीस वर्षं बंद होती, त्याले काय म्हणतात ते तुह्या पुस्तकात पाहून सांग.

गुंजन नागपूरले निघाली तवा रितानं दह्याची वाटी माह्या हातात देल्ली. सारे पाहून राहिले होते. मी वाटी परत ठेवली. डॉक्टरनं उपाशी सांगितलं म्हणजे उपाशी. ते मले तवाही मालूम होतं. पोट्टी परत आली, घसा बरा झाला, तवा तिच्या हातावर ठेवली. साखर जास्त मांगितली तिनं.

(आत्या, खरंच जास्त मागितली. आजी म्हणते हेही लिही.)

आता उष्टावणाचं. तुह्यी पोरगी आहे, तिनं माहं काई बिघडवलं नाही. आधी तिचं रक्त तपासून पाय. तू सगळ्यायले सांगतेस, तिचं काहून लेहलं नाही?

आन् तू लेहलं, मायले माह्या पद्धतीनं सांगीन. तुही पद्धत मी पायली. बावीस वर्षाची आहे.

तुही माय माह्या केसाले धरून अंगणात ओढली होती. ते अंगण तसंच आहे. तिले घेऊन ये. तिथं उभं राहून तिच्या समोर सांग, चमचा कोणाच्या हातात होता. तुह्या तोंडानं. कागदावर नाही. काकाही तिथंच उभे राहतीन, त्यायलेही सांगाचं आहे.

मंग मी खीर करीन. बावीस वर्षं लेकराची खीर केली नाही, तांदूळ कवा शिजते ते पाहावं लागीन. तुही माय पाणी पेईन तं तिलेही देईन.

नाही आली तं पोरीचं उष्टावण तिकडंच करून घे. दही-साखर देऊ नको तिले, अजून लहान आहे.

शकुन